काठीकडं तोंड

उजवं आणि डावं हे दोन शब्द आमच्या दुकानात चालत न्हाईत. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "वाघाचं तोंड उजवीकडं करा," की अप्पा हातातली सुई खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कुणाचं उजवं, पावणं? तुमचं, का माझं, का निशाण धरून उभारलेल्याचं?" गिऱ्हाईक खुळ्यागत बघत बसायचं. मग अप्पा त्याला शिकवायचे. काठी असते ती बाजू काठीकडची. वाऱ्यावर फडफडतो तो कापडाचा शेवट, तो शेव. वरची कड म्हणजे माथा, खालची म्हणजे पाय. कापडाचा रंग ती जमीन, आणि मधोमध असतं ते छातीवर. पुढनं दिसतो तो पुढा, मागनं दिसते ती पाठ. एवढ्या शब्दांत जगातलं कुठलंबी निशाण सांगता येतं आणि ते ऐकून कुठल्याबी शिंप्याला शिवता येतं, असं अप्पांचं म्हणणं होतं.

मी दानेश्वरी, अप्पांची, म्हणजे प्रभुलिंग निशाणवाल्यांची थोरली. "मी आलो, मी गेलो" बोलतो म्हणून गडबडू नका. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, ज्याला खटकतंय त्यानं कानात बोळे घालावेत. लग्न करून इचलकरंजीला गेलतो, नवऱ्याशी पटलं न्हाय, परत आलो आणि मशीनवर बसलो. त्यावर जास्त बोलायचं न्हाय. सांगायचंय ते नव्व्याण्णव सालच्या फुटबॉलच्या फायनलचं.

आमची तालीम वाघझरीची; कोल्हापुरात फुटबॉलची टीम तालमीचीच असते. लाल जमीन, छातीवर पिवळा वाघ. आणि जनावराचा एकच कायदा: तोंड काठीकडं. का? तर काठी घेऊन माणूस पुढं पळतो आणि कापड त्याच्या मागं उडतं. वाघाचं तोंड काठीकडं असलं तर वाघबी माणसासंगट पुढं झेपावतो. तोंड शेवाकडं गेलं, तर माणूस पुढं चाललाय आणि वाघ पाठ फिरवून पळालाय. पेठेतल्या शेंबड्या पोराला पण हे कळतं.

आणि आमच्यासमोर होती दगडी चौक तालीम. आदल्या फायनलला आम्ही हरलो तेव्हा त्यांची सगळी गॅलरी नाचत होती, "वाघ पळाला! वाघ पळाला!" आमच्या पोरांना ते सोसलं न्हाय. दगड उडाले, चपला उडाल्या, माझ्या भावाच्या, अमरेशच्या, डोक्याला टाके पडले. तो निशाण घेऊन उभारलेला, पळून जाणार कुठं? आमच्या तालमीची रीतच आहे, निशाण शिवणाऱ्याच्या घरच्यानंच ते उचलायचं. त्या वेळी केस झाली न्हाय हे नशीब.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. अमरेश पोलीस भरतीत पास झालता. पळण्यात पहिला, लेखीत पण चांगला. आता फक्त चारित्र्याची चौकशी राहिलेली. आणि मॅचच्या आधी पोलीस साहेबांनी दोन्ही तालमींना बोलावून बजावलं, "यंदा एक दगड जरी पडला तर गुन्हा दाखल करणार. आणि यादीत पहिलं नाव निशाणवाल्याचं. तोच पोरं पेटवतो." अमरेश घरी येऊन जेवलाच न्हाय. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणाली, "अरं, मग दुसऱ्या कुणाला तरी धरू दे की ते निशाण." अमरेश म्हणाला, "अव्वा, आत्ता मागं सरलो तर पेठेत तोंड दाखवाय जागा न्हाय. शेवटचं उचलतो. नीट उचलतो, नीट खाली ठेवतो, आणि खाकी घालतो."

त्यात तालमीचे अध्यक्ष गणपतराव यांनी नवीन खूळ काढलं. यंदा मॅच लोकल केबलवर दाखवणार होते, तर निशाणावर तालमीचं नाव पाहिजे. दोन्हीकडनं वाचता आलं पाहिजे.

आता बघा, एकेरी कापडाला काही अडचण न्हाय. वाघाच्या आकाराचं कापड कापून पिवळं जोडायचं, दोन्हीकडनं तोच वाघ, पुढनं बघा नाहीतर मागनं, तोंड काठीकडंच. पण अक्षरं एकेरी कापडावर मागनं उलटी दिसतात. दोन्हीकडनं सुलटी पाहिजेत तर दोन कापडं घेऊन पाठीला पाठ लावून शिवायची. मग वाघ पण दोन लागतात, आणि पाठीवरच्या वाघाचा खाका पालटून मारावा लागतो, तरच त्याचं तोंड काठीकडं येतं. अप्पांनीच मला हे समजावून सांगितलं. "दानी, अक्षरं दोन्हीकडं सारखी. वाघ मात्र पालटायचा. विसरलीस तर मेलीस." मी म्हणालो, "मग पाठ तुम्हीच करा, मी पुढा करतो." त्याप्रमाणं पुढा मी केला, पाठ अप्पांनी केली. जोडायचं काम माझं होतं, पण त्या वेळी कापडं उलटी, आतली बाजू वर असते. चित्र दिसत न्हाय, नुसती शिवण दिसते, आणि नंतर सुलटं अप्पांनीच केलं.

जोडून झाल्यावर वाचन. ही आमच्या घरातली रीत आहे, आज्ज्याच्या आज्ज्यापासनची. निशाण दुकानाबाहेर जायच्या आधी ते भिंतीला लावायचं आणि शिवणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, जमिनीपासनं सुरू करून किनारीपर्यंत, आधी पुढा, मग पाठ. आणि उचलणाऱ्यानं आणि घरच्यांनी हात जोडून, डोळं मिटून ऐकायचं. कापड फाटतं, शब्द ऱ्हातात, म्हणून शब्द ध्यानात घ्यायचे.

सकाळी आम्ही सगळे डोळं मिटून उभारलो. अप्पांचा आवाज अजून असा की गल्लीच्या तोंडापर्यंत जावा. "लाल जमीन. छातीवर पिवळा वाघ, काठीकडं तोंड, पुढचा पंजा वर. पायाशी तालमीचं नाव, पांढरं. किनार पांढरी." निशाण फिरवल्याची सळसळ ऐकू आली. "पाठ. लाल जमीन. छातीवर पिवळा वाघ, काठीकडं तोंड, पुढचा पंजा वर..." झालं. आम्ही डोळं उघडेपर्यंत अप्पांनी काठीकडनं निशाण गुंडाळत आणलेलं होतं. नाडी बांधली, अमरेशनं पाया पडून खांद्यावर घेतलं आणि गेला.

दुपारी जेवण झाल्यावर मी कट्ट्यावरचा पसारा आवराय घेतला. वाघाचा खाका तिथंच पडलेला. खाका म्हणजे जाड कागद, त्यावर वाघाच्या रेघेनं टाचणीची भोकं. कागद कापडावर ठेवून वरनं खडूच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की भोकातनं पूड उतरून खाली वाघ उमटतो. मी कागद झटकाय उचलला. एका अंगाला पांढरी पूडच पूड. पालटून बघितलं. दुसरं अंग स्वच्छ.

कागद पालटून मारला असता, तर पूड दोन्ही अंगाला पाहिजे होती. दोन्ही वाघ एकाच बाजूनं मारलेले. म्हणजे पाठीवरच्या वाघाचं तोंड शेवाकडं. म्हणजे दगडी चौकवाल्यांना ओरडायची पण गरज न्हाय, आम्हीच पिवळ्या वाघाला पळताना शिवून त्यांच्या समोर नाचवणार.

"अव्वा, अप्पा कुठायत?"

"झोपल्यात. का गं? काय झालं?"

"काय न्हाय. आलोच."

ब्लेडचं पातं कागदात गुंडाळून आंबाड्यात खोचलं, लुना काढली. महाद्वार रोडला रविवारची गर्दी, लुना कसली चालतीय, रांगतीय नुसती. एका म्हाताऱ्याला मी असलं ओरडलो की तो हातगाडीसकट बाजूला झाला. राग अप्पांवर. म्हटलं, चाळीस वर्षं लोकांना शिकवताय, कुणाचं उजवं म्हणून विचारताय, आणि आपल्या पोराच्या जिवावर बेतलं तेव्हा कागद पालटायचं विसरलात? आणि वाचताना काय बघत होता? आज घरी गेल्यावर सोडत न्हाय, एवढंच डोक्यात.

स्टेडियमच्या दाराशी पोलीस पिशव्या तपासत होते. मी मोकळ्या हातानं गेलो. "बाई, लेडीजला तिकडनं," हवालदार म्हणाला. म्हणालो, "मामा, भाऊ आहे आत, त्याला घरनं निरोप आलाय, अर्जंट." माझं तोंड बघून त्याला वाटलं असणार घरात कोणतरी गेलं. सोडलं बिचाऱ्यानं.

आमची पोरं पश्चिमेच्या गॅलरीत. ढोल असा वाजत होता की छातीत धडधड कुठली आणि ढोल कुठला कळंना. गॅलरीच्या जिन्याखाली अमरेश बसलेला, निशाण मांडीवर आडवं, शेजारी गणपतराव पान चघळत उभारलेले.

"अक्का? तू हितं कशी?"

"नाडी सोड. पाठ बघू दे."

"खुळी झालीस काय? टीम आली की मगच उघडायचं."

मी त्याच्या हातातनं ओढलं आणि शेव तेवढा उलगडला. पहिल्यांदा आला पंजा. मग तोंड. पिवळंजर्द, दात विचकलेलं, सरळ शेवाकडं बघत. काठीकडं नुसतं ढुंगण. अमरेशचा चेहरा पांढरा पडला. त्याला सांगावं लागलं न्हाय, निशाणवाल्याचं पोरगं आहे ते.

"अप्पांनी वाचलं की गं," एवढंच म्हणाला.

"वाचलं. मी पण ऐकलं. आता त्याचं काय लोणचं घालतोस?"

गणपतरावांना कळाय जरा वेळ लागला. कळल्यावर म्हणाले, "मग नको उचलूया आज."

"हे असलं उचललं तर आपलीच पोरं मला फाडतील," अमरेश म्हणाला. "न्हाय उचललं तरी तेच. दगडी चौकवाले म्हणणार भ्याले, आणि हे उड्या मारून जाणार त्यांच्या अंगावर." खरंच होतं. वर पोरं आत्ताच ओरडाय लागलेली, "निशाण! निशाण!" समोरच्या गॅलरीत त्यांचं निळं निशाण कधीचं उडाय लागलेलं. आणि खाली मैदानाच्या कडेला साहेब खुर्ची टाकून बसलेले, तोंड आमच्याकडं.

मी आंबाड्यातनं पातं काढलं. "पाठ उसवतो. पुढा एकटा ऱ्हाऊ दे. पुढच्या वाघाचं तोंड बरोबर आहे."

"आणि नाव?" गणपतराव पुढं आले. "मागनं नाव उलटं दिसंल की! केबलवाला समोरच्या गॅलरीत बसलाय. त्याच्यासाठी तर एवढा खर्च—"

"गणपतराव, नाव पाहिजे का पोरगं पाहिजे?" मी असलं ओरडलो की ढोलवाल्यानं पण वळून बघितलं. "नाव उलटं दिसलं तर लोक हसतील. वाघ उलटा दिसला तर दगड पडतील. आणि यादीत पहिलं नाव तुमचं न्हाय, ह्याचं आहे. धरा तिकडनं!"

धरलं की मुकाट्यानं. एका बाजूला अमरेश, एका बाजूला अध्यक्ष, मधी मी. शिवण माझीच, दुहेरी, वादळात पण सुटू नये म्हणून घट्ट घातलेली. स्वतःच्या कामाला शिव्या घालत उसवत होतो. आधी शेव, मग माथा. तेवढ्यात शिट्टी झाली, टीम मैदानात आली, वरनं पाय आपटायला सुरुवात झाली आणि जिन्याखाली आमच्या डोक्यावर धूळ पडाय लागली. "अम्या! निशाण!" कोणतरी वरनं वाकून ओरडला. आणि समोरच्या गॅलरीतनं सुरू झालं, हळूहळू, मग सगळ्यांनी मिळून, "वाघ पळाला! वाघ पळाला!"

"अक्का, लवकर."

पातं निसटलं, बोट कापलं. लाल जमिनीवर रक्त काय दिसतंय. पाय उसवले. काठीकडची शिवण ऱ्हायली, तिथं कापड काठीच्या नळीत अडकलेलं. पात्याला दाद देईना. मी दातांनी धरून ओढलं आणि टर्रकन् पाठ निघून माझ्या हातात आली.

"जा."

अमरेश जिना चढून वर गेला. मी ती पाठ घडी करून साडीच्या निऱ्यांखाली पोटाशी खोचली, त्यातला एक कोपरा जरी त्यांच्या पोराच्या हाती लागला असता तर तोच त्यांनी काठीला बांधून मिरवला असता. मग मी पण वर गेलो. बघितल्याशिवाय ऱ्हावतंय होय?

अमरेशनं कठड्याशी जाऊन काठी उभी केली आणि निशाण सोडलं. वारं आडवं होतं, पाठ समोरच्या गॅलरीकडं. मला त्यांच्याकडनं काय दिसतंय ते दिसत न्हवतं. मी फक्त त्यांची तोंडं बघत होतो. ओरडा थांबला. साहेब खुर्चीवरनं उठले. माझ्या पोटाशी ते कापड. मागनं काय दिसत असंल? नुसती कोरी लाल जमीन आणि शिवणीचे धागे?

मग अमरेशनं काठी आमच्या डोक्यावरनं फिरवली, आणि खालनं मला पण पाठ दिसली. ऊन कापडाच्या पलीकडनं येत होतं. पातळ साटीन, त्यातनं पुढचा वाघ सावलीगत आरपार उतरलेला. काळसर, मोठा, एक पंजा वर. काठीकडं तोंड.

आणि पायाशी नाव, सावलीतलंच, उलटं.

समोरनं एकजण ओरडला, "आरं, नाव उलटं लिवलंय की! शाळंत जावा, शाळंत!" सगळी गॅलरी फुटून हसली. आमच्या पोरांनी वळून निशाणाकडं बघितलं, तोंडं कसनुशी झाली, आणि मग आमच्यातला पण एकजण हसला. "तुम्हाला सुलटं तरी वाचाय येतंय का रं?" तो ओरडला. त्यावर दोन्हीकडनं हशा. साहेब खाली बसले. गणपतराव माझ्याकडं न बघता पान थुंकाय गेले.

मॅच आम्ही हरलो. एक गोल, तो पण शेवटाला. एक दगड पडला न्हाय. अमरेशनं निशाण गुंडाळलं, खांद्यावर घेतलं, साहेबांच्या समोरनं चालत गेला आणि साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ते बघून मी लुना काढली आणि घरी आलो. भीती गेलती, आता नुसता राग उरलेला.

अप्पा दुकानात बसलेले, अंगात पांढरा सदरा, कपाळाला विभूती. "दानी? उडालं काय निशाण?"

निऱ्यांतनं ती पाठ काढली, झटकली आणि भिंतीच्या खिळ्यांना लावली, सकाळी लावलेलं तिथंच. "हे वाचा, अप्पा. उभं ऱ्हावा आणि वाचा."

ते उठले. हात मागं बांधले, मान वर केली. "लाल जमीन," ते म्हणाले. "छातीवर पिवळा वाघ, काठीकडं तोंड—"

"नीट बघून वाचा."

"काठीकडं तोंड," अप्पा जरा मोठ्यानं म्हणाले. "पुढचा पंजा वर. पायाशी तालमीचं नाव..."

मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. डोळं भिंतीकडंच होते, पण वाघावर न्हवते. मी पुढं झालो आणि खिळ्यावरनं कापड काढून घेतलं. आवाज न करता. भिंतीवर नुसता चुना आणि दोन खिळे.

"...पांढरं. किनार पांढरी," अप्पांनी भिंतीला वाचून पुरं केलं. मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाच्या जागेकडं, तोंड करून विचारलं, "बरोबर न्हवं?"

सकाळी आम्ही सगळे डोळं मिटून उभारलेलो, आणि ज्याचं डोळं उघडं होतं त्याला दिसत न्हवतं. मी त्यांचा हात धरला आणि बोटं कापडावर ठेवली. पंजावर, मग दातांवर. दुसरा हात त्यांनी आपला आपण पुढं नेला, काठीची फाटलेली कड शोधली. दोन हातांच्या मधी अख्खा वाघ होता, आणि तोंड चुकीच्या हातात. त्यांची बोटं थांबली.

"पोरगं?" त्यांनी विचारलं.

"येतंय मागनं. सुखरूप आहे. मी पाठ उसवून काढली."

"दगड?"

"एक न्हाय."

अप्पा कट्ट्यावर बसले. बराच वेळ कापडावरनं हात फिरवत बसले. मी विचारलं, "कधीपासनं, अप्पा?"

"दिवाळीपासनं डोळ्यांपुढचं धुकं वाढलंय. ऑपरेशनचा उपयोग न्हाय, डॉक्टर म्हणालेत." मग म्हणाले, "शब्द पाठ होते गं. वाटलं, शब्द आहेत तोवर चालंल."

मला रडू फुटलं. अप्पांसमोर मी कधी रडलेलो न्हाय, इचलकरंजीहून आलो तेव्हा पण न्हाय.

तेवढ्यात अमरेश आला, उंबऱ्यातनंच ओरडत, "अप्पा! कसलं भारी उडालं! नाव उलटं दिसलं म्हणून सगळं स्टेडियम हसलं, पण साहेबांनी—" आणि आम्हा दोघांकडं बघून उंबऱ्यातच थांबला.

अप्पा उठले. ते कापड त्यांनी माझ्या हातात दिलं. "दानी, लाव भिंतीला. आणि वाच. जसं आहे तसं वाच."

मी लावलं. दोनदा खाकरलो.

"पाठ," मी वाचलं. "लाल जमीन. छातीवर पिवळा वाघ. तोंड शेवाकडं."

अप्पांनी हात जोडले, डोळं मिटले आणि ऐकलं.